धन्यवाद, अहवाल पोहोचला

सॉफ्टवेअर हे शेवटी माणसांसाठी असतं. हे वाक्य कंपाला शहरात, न्टिंडा भागातल्या आमच्या ऑफिसच्या भिंतीवर वीतभर उंचीच्या अक्षरांत लावलेलं आहे. नेमकं त्याच भिंतीवर का, असं पाहुणे विचारतात. तिथे ओल आली आहे.

त्या वाक्याखाली मामा रोझचा फोटो आहे. मामा रोझ म्हणजे आमचं अ‍ॅप वापरणारी नर्स. वय चव्वेचाळीस, मुलं तीन, नव्या तंत्रज्ञानाची आवड. अशी कुणी बाई नाही. एका कार्यशाळेत जेवणानंतरच्या सत्रात आम्ही तिला तयार केलं आणि फोटो कॅलेंडरातून कापला. सॉफ्टवेअर बनवण्याच्या आमच्या अजाइल पद्धतीत वापरणाऱ्या माणसाशी सतत बोलत राहायचं असतं. पण ज्या बेटांवरच्या दवाखान्यांसाठी आम्ही काम करत होतो तिथे जायचं तर आधी फेरीबोट, मग होडी, मग पायपीट. त्यापेक्षा मामा रोझ जवळ होती. आमचा प्रोग्रामर ओक्विर बारीक आवाज काढून तिच्या वतीने बोलायचा. मामा रोझला सगळं आवडायचं.

मी या टीमचा स्क्रम मास्टर, काजुबी. मी प्रोग्राम लिहीत नाही. लिहिणाऱ्यांच्या वाटेतले अडथळे दूर करतो. अ‍ॅपचं काम साधं होतं. बेटांच्या एका जिल्ह्यातल्या नर्सनी (जिल्ह्याचं नाव सांगत नाही, त्यांचा दोष नाही) दर शुक्रवारी किती पेशंट आले, त्यात मलेरियाचे किती, कुठलं औषध संपलं, हे मोबाइलवर भरून पाठवायचं. दर दोन आठवड्यांच्या फेरीत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, आम्ही बोर्डवरची एकेका कामाची कार्डं ‘झालं’ या रकान्यात सरकवत होतो. आमच्या वेगाबद्दल मी दोन ठिकाणी भाषणही दिलं होतं.

एका गुरुवारी सकाळी आमची स्टँड-अप सुरू होती. ही सभा पंधरा मिनिटांत संपावी म्हणून उभ्याने घेतात. तेवढ्यात दारातून पन्नाशी ओलांडलेली एक बाई आत आली. अंगातल्या पायघोळ गोमेसीवरचा पट्टा नीट केला आणि आम्हाला अभिवादन करायला सरळ गुडघ्यांवर बसली. आमच्यात बायका असंच करतात, घरी माझी आईही करायची. पण आमच्या उभ्या सभेत गुडघे टेकणारी ही पहिलीच.

“रात्र कशी गेली, स्सेबो?”

“चांगली गेली, न्याबो. तुमची?”

“घरचे कसे आहेत?”

“बरे आहेत.”

स्सेबो म्हणजे साहेब, न्याबो म्हणजे बाई; तिने असं सहाही जणांना विचारलं. चार मिनिटं गेली. ओक्विरने घड्याळाकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.

ती सिस्टर नालवेयिसो. नालुबाले सरोवरातल्या एका बेटावर तिचा दवाखाना. काल पहाटे निघाली होती. पिशवीतून तिने सुक्या मुकेने मासळीचा पुडा काढून आमच्या टेबलावर ठेवला, कारण रिकाम्या हाताने कसं यायचं. मग प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला. कारणे दाखवा नोटीस. मोबाइलवर आलेली, तिने धक्क्यावरच्या दुकानात छापून घेतलेली. सलग अकरा आठवडे अहवाल पाठवला नाही. पुढच्या सोमवारपर्यंत खुलासा न आल्यास कामावरून कमी का करू नये. खाली नाव: डॉ. लुतालो, जिल्हा आरोग्य अधिकारी.

“पेन्शनला चौदा महिने राहिलेत,” ती म्हणाली. “मी एक शुक्रवार चुकवलेला नाही. पाठवलं की तुमचा फोन सांगतो, ‘धन्यवाद, अहवाल पोहोचला’. आता साहेब म्हणतात पोहोचला नाही. तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय तेवढं मला लिहून द्या. मी ते साहेबांना दाखवते.”

नाब्बोसा ही आमची सगळ्यांत चांगली प्रोग्रामर. तिने लॅपटॉप ओढला. पाच मिनिटांनी तिने पडदा माझ्याकडे वळवला.

“काजुबी सर, नवव्या स्प्रिंटमधलं ते कार्ड.”

मला आठवलं. नेटवर्क कमजोर असलं की अहवाल जायला वेळ लागायचा आणि पडद्यावर चक्र फिरत राहायचं. दुपारी पाहुण्यांसमोर डेमो होता. चक्र वाईट दिसतं, असं कुणीतरी म्हणालं. मग आम्ही ‘धन्यवाद’ आधी दाखवायचं आणि अहवाल मागाहून, जमेल तसा, पाठवायचा असं ठरवलं. ‘धन्यवाद’ त्याच सकाळी झालं. मागाहून पाठवण्याचं कार्ड पुढच्या स्प्रिंटला ढकललं. ते पुढचा स्प्रिंट अजून येतोय म्हणून बोर्डच्या तळाशी थांबलं होतं. पहिलं कार्ड ‘झालं’मध्ये कुणी सरकवलं, हे नाब्बोसाने मोठ्याने वाचलं नाही. तिथे माझं नाव होतं.

“मी तुम्हाला कळवलंही होतं,” सिस्टर म्हणाली. “ते ‘तुमचं मत कळवा’ बटण आहे ना? भरताना नेटवर्क गेलं की अहवाल पुसला जातो, पुन्हा भरावा लागतो, असं मी चाळीस वेळा तरी लिहिलं. तुम्ही रागावला असाल म्हणून उत्तर आलं नाही, असं वाटलं.”

ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. गोल होतं, हिरवं होतं, डेमोत त्याला टाळ्या मिळाल्या होत्या.

अशा वेळी माणसाने काय करावं? मी नवीन कार्ड केलं. ‘सिस्टरसाठी पत्र’ असं त्यावर लिहिलं, बोर्डवर चिकटवलं आणि सवयीने म्हणालो, “चला, अंदाज.” आमच्यात कुठल्याही कामाला किती मेहनत लागेल ते पत्त्यांनी ठरवतात. प्रत्येकाने आकड्याचा एक पत्ता उपडा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. नाब्बोसाचा दोन आला, ओक्विरचा आठ.

“आठ?” नाब्बोसा म्हणाली. “कादंबरी लिहायचीय का?”

“वकिलाला दाखवावं लागेल,” ओक्विर म्हणाला. “चूक कबूल केली तर कंत्राट जाईल. तुला काय, तुझं लग्न ठरलंय.”

“परत टाका पत्ते,” मी म्हणालो.

सिस्टर इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. ती अदबीने म्हणाली, “मटाटू खेळताय का? खेळून घ्या. माझी होडी उद्याची आहे, मी थांबते.”

ती टोमणा मारत नव्हती. तेच वाईट. माणसं कामाच्या मध्ये पत्ते खेळतात आणि आलेल्याने थांबायचं असतं, एवढंच तिला म्हणायचं होतं. मी हातातला पाचाचा पत्ता खिशात घातला. त्या क्षणी तिने मला शिवी घातली असती तर मी तिचे आभार मानले असते.

मी बोर्डवरून कार्ड काढलं, कागद घेतला आणि पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘बेटावरील अपुऱ्या नेटवर्कमुळे...’ तिने चष्मा लावून वाचलं.

“बेट माझं म्हणजे दोष माझाच झाला ना, स्सेबो?”

मी तो कागद फाडला. दुसऱ्यात लिहिलं, ‘सिस्टर नालवेयिसो यांनी अकराही अहवाल वेळेवर पाठवले. ते आमच्या अ‍ॅपने हरवले, आणि पोहोचल्याचं त्यांना खोटं सांगितलं. या कामाला पूर्ण झाल्याची मान्यता मी दिली होती.’ सही केली. तीन वर्षांत मी पूर्ण केलेलं आणि खरोखर पूर्ण असलेलं हे पहिलं काम. वीस मिनिटं लागली. ओक्विर खिडकीबाहेर बघत होता.

सोमवार गाठायचा तर पत्र आजच ईमेलनेही जावं म्हणून मी जिल्हा कार्यालयाला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, सिस्टरलाही ऐकू यावं म्हणून. कारकुनाने उचलला.

“कसली नोटीस? आम्ही नाही काढली. कामावरून काढायची नोटीस कागदावर निघते हो, शिक्का मारून. मोबाइलवर कोण काढतं?”

नाब्बोसाने टेबलावरचा कागद उचलला आणि पाहत राहिली.

“ही निळी चौकट माझी आहे,” ती हळूच म्हणाली. “सर, बाराव्या स्प्रिंटमधलं स्मरणपत्र. अहवाल आला नाही की आपोआप जातं. तुम्हीच म्हणालात, भाषा जरा सरकारी ठेव, म्हणजे लोक मनावर घेतील.”

सिस्टरने आमच्याकडे पाहिलं. “म्हणजे मला कामावरून काढणारे तुम्हीच?”

“काढलं नाही कोणी, न्याबो,” फोनमधून कारकून म्हणाला. “तुमचं नाव हजेरीपटावर आहे. निवांत घरी जा.”

तिने मान डोलावली. नोटीस आल्यापासून झोप नव्हती, असं ती सहज बोलल्यासारखं म्हणाली. पत्र मात्र तिने मागून घेतलं आणि घडी न घालता प्लॅस्टिकमध्ये ठेवलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे, पोरांनो.” मी एकोणपन्नास वर्षांचा आहे.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, अहवाल मागचे असोत की पुढचे, डॉ. लुतालो यांच्याच खात्यावर जातात. ते निदान त्यांना नीट दिसतायत ना?

कारकून म्हणाला, लुतालो साहेब रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आणि जागा अजून भरलेली नाही.