किल्लीची राखण करणारा पत्र्याचा डबा

मित्रांनो, मी बिस्किटांचा एक जुना, पत्र्याचा डबा आहे. पोटात बिस्किटं मात्र नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आजवर ज्याने ज्याने मला उघडलं त्याने माझ्याकडे फसवलं गेल्यासारखं पाहिलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्राने एका दणक्यात मला आकार दिला आणि दुसऱ्या दणक्यात झाकण. ते इतकं घट्ट बसलं की तपासनीसाचं नख मोडलं. "उत्तम," असं तो बोट चोखत म्हणाला. बिस्किटं संपल्यावर माझ्यात सुया, बटणं आणि दोऱ्याची रिळं आली. पुढे शिवणयंत्र विकलं गेलं आणि मी कपाटावर गेलो. तिथे धुळीखेरीज माझी कुणी विचारपूस केली नाही.

मग घरात विजेवर चालणारी गाडी आली.

गाडी ताईंची. ताई घरोघरी जाऊन रुग्णांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करतात. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला असतात. घरी असतात ते सासरे. त्यांना आपण आजोबा म्हणू. आजोबांनी सगळी नोकरी बँकेच्या तिजोरीपाशी काढली. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं, हा त्यांचा हाडीमांसी मुरलेला शिरस्ता.

या गाडीला किल्लीचं भोकच नव्हतं. किल्ली म्हणजे झिजलेल्या साबणाएवढी एक काळी, गुळगुळीत वडी. ती खिशात घेऊन जवळ गेलं की दार उघडतं. आजोबा गाडी बंद करत आणि खात्रीसाठी मूठ ओढत. किल्ली त्यांच्याच खिशात असल्यामुळे गाडी अदबीने उघडे. ते पुन्हा बंद करत, पुन्हा ओढत, ती पुन्हा उघडे. एकदा हे इतका वेळ चाललं की शेजारीण त्यांना चहा घेऊन आली.

"ही गाडी कुणालाही हो म्हणते," आजोबांनी निकाल दिला. त्या दिवसापासून किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकली, म्हणजे येता-जाता तिच्यावर नजर राहील.

आणि एका सकाळी ताईंच्या उपचारयंत्राची बॅग गाडीतून गेली. काच फुटली नव्हती, दाराला ओरखडा नव्हता.

आता घरात आणखी एक माणूस होतं, ताईंचा धाकटा भाऊ. नोकरी सुटल्यामुळे तो बहिणीकडे राहायला आला होता. आजोबा त्याला 'पाहुणे' म्हणत आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस मोजल्यासारखं त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

"काच न फोडता बॅग जाते म्हणजे कमाल आहे, नाही का पाहुणे?"

"काका, मी मोबाइलवर वाचलं," भाऊ म्हणाला. "गाडी आणि किल्ली हवेतून बोलतात. एक चोर यंत्र घेऊन घराजवळ उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. ते गाडी-किल्लीचं बोलणं लांबवर पोचवतात. गाडीला वाटतं किल्ली जवळच आहे. किल्ली पत्र्याच्या डब्यात ठेवली की आवाज बाहेर जात नाही."

"वाचलंत, की शिकलात?"

भावाने कपाटावरून मला काढलं, पुसलं, दोन्ही किल्ल्या माझ्यात ठेवल्या आणि झाकण दाबलं. मित्रांनो, एवढी महागडी गाडी, तिला म्हणे स्वतःचा मेंदू आहे, आणि तिच्या राखणीला मी. माझी छाती पत्र्याची असूनही फुगली.

पण तिजोरीवाल्या माणसाला बंद डबा बघवत नाही. आजोबा येता-जाता झाकण काढून किल्ल्या बघत. नखं दुखू लागली तेव्हा त्यांनी युक्ती काढली. झाकण थोडं तिरकं ठेवायचं, म्हणजे फटीतून दिसेल. एवढी दक्षता घेतल्यावर गाडीतून ताईंची मसाजाची बाटली आणि उशी गेली.

"घ्या, तुमचा डबाही वापरून झाला," आजोबा म्हणाले.

ताईंनी सासऱ्यांपुढे भावाची बाजू घेतली. नंतर मात्र माझ्या शेजारी, दाराच्या आडोशाला, त्याला हळूच म्हणाल्या, "हे बघ, तूच घेतलं असशील तर सांग. मी कुणाला बोलणार नाही."

तो आत जाऊन बॅग भरायला लागला. जायला घर नव्हतं. कुठे जाणार हे त्याने सांगितलं नाही, आणि बहिणीला विचारायचं धाडस झालं नाही.

दुपारी तो बॅग घेऊन दाराशी आला. आजोबा नुसते बसले नव्हते. जाणारा माणूस काय नेतो ते पाहायला मला मांडीवर घेऊन बसले होते. झाकण हातात, किल्ल्या डोळ्यांपुढे.

"दोन्ही आहेत," ते म्हणाले. "मोजल्या."

"बरं झालं, काका."

एवढ्यात बाहेर गाडी टुक-टुक वाजली आणि तिचे दिवे लुकलुकले.

आजोबांनी किल्ल्यांकडे पाहिलं. मग भावाच्या हातांकडे. एका हातात बॅग, दुसऱ्यात चपला. खिडकीतून एक माणूस आमच्या भिंतीला खेटून उभा दिसला, छातीशी चपटी पिशवी धरलेला. दुसरा गाडीत शिरत होता.

"काका, झाकण!"

आजोबांनी झाकण लावलं नाही, आदळलं, आणि वर बसले. वय झालं तरी वजन होतं. मी कण्हलो, पण गच्च मिटलो. गाडीतला माणूस ती चालू करायचं बटण दाबत होता. गाडीला किल्ली सापडेना. भाऊ ओरडत धावला तसे दोघे पिशवीसकट पळाले. शेजारीण दारात येऊन चोर कुठल्या दिशेला गेले ते बरोबर सांगू लागली, दोन वेगवेगळ्या दिशा दाखवून.

परत आल्यावर भाऊ ताईंना म्हणाला, "तुला वाटलं होतं ना, मीच म्हणून?"

"वाटलं होतं," ताई म्हणाल्या. त्यांनी त्याची बॅग उघडली, शर्ट काढून खुंटीला लावले. "कसे कोंबलेस रे. इस्त्री मोडली सगळी."

आजोबा अजून माझ्यावरच बसून होते. माफी मागणं बँकेत कुणी शिकवत नाही. बऱ्याच वेळाने ते उठले, त्यांनी मला उचललं आणि भावाच्या हातात दिलं.

"हा तुझ्या खोलीत राहू दे," ते म्हणाले. "माझ्याजवळ राहिला तर मी उघडणार."

भावाने मला घेतलं. पाहुणे हा शब्द त्यांनी गाळला, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

मित्रांनो, संशय जरूर घ्या. मीही या घरातल्या प्रत्येक बोटाचा घेतो. पण घरच्या माणसावर घेण्याआधी आपलं झाकण लागलंय का ते तपासा. आणि तपासायचं ते उघडून नव्हे, वरून दाबून.