कुंपणापाशी संपणारी रांग

माझ्या शेताच्या कडेने टेकडीपासून ओढ्याच्या दिशेने निलगिरीची रांग आहे. गावातल्या आम्ही बायकांनीच ती लावली. टेकडीवरच्या रानातून ओढ्याकाठच्या रानात कोआलांना झाडाझाडाने जाता यावं, एवढाच हेतू. पाणी वाहून वाहून माझी कंबर कामातून गेली. मग शेजारच्या केलने ओढ्याकडची जमीन घेतली, ब्लूबेरी लावली, वर जाळी टाकली आणि भोवती उंच कुंपण घातलं. आता कोआला माझ्या रांगेने निमूट खाली येतात, कुंपणाला अडतात आणि त्याच्या कडेकडेने चालत थेट हमरस्त्यावर पोचतात. काल सकाळी तिथे गाडीखाली मेलेली तिसरी कोआला सापडली. पिशवीत पिल्लू होतं, तेही गेलं.

मी तडक केलकडे गेले.

"कुंपणात एक वाट सोड. एवढीशी."

"ग्वेंडा, वाट सोडली की कांगारू शिरतात. तुझ्या लाडक्यांपायी मी उपाशी मरू?"

"उपाशी? स्वतःचं पोट बघ आधी."

तो हसला. मला हसू आलं नाही.

"मग तुझी करवत घेऊन ये," मी म्हटलं. "माझी रांग तोडून टाक. खाली यायला झाडंच नसली तर ते टेकडीवरच राहतील. निदान जगतील तरी."

त्याचं हसू गेलं. 'काय, झाडांची आई' म्हणून इतकी वर्षं मला चिडवणारा हा माणूस, "नीट विचार कर गं," एवढंच म्हणाला.

दुपारी तो आला. झाडावर कोआला बसलेला असेल, तर तो आपणहून उतरेपर्यंत ते तोडायचं नसतं. म्हणून आधी आम्ही दोघांनी माना वर करून एकेक शेंडा तपासला. रांग रिकामी होती. कुंपणालगतचं झाड पहिलं पडलं. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही.

केलने करवतीची मोटर बंद केली. पुढच्या झाडाकडे मात्र गेला नाही.

"तुला कुणी सांगितलं नाही वाटतं," तो खाली बघत म्हणाला. "टेकडी विकली गेली. हिवाळा सरला की रान साफ करणार. घरं होणार तिथे."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला असेल."

"आणि तरी करवत घेऊन आलास?"

"तू बोलावलंस म्हणून आलो."

मी दुसऱ्या झाडाला पाठ लावून उभी राहिले. टेकडी गेली की सगळेच्या सगळे याच रांगेने खाली येणार होते.

"कुंपण उघड, केल."

कुंपणाकडे न बघताच त्याने करवत उचलली आणि तो घराकडे चालू लागला.