हिरव्या सायकलीची पाठवणी

मुद्रितशोधक बाईंनी ती सायकल घेतली तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्यावर आपणही एखादी करावी असं हिच्या मनात आलं असावं, असं त्यांचे यजमान म्हणायचे. गडद हिरवी, लांबच्या प्रवासाची सायकल. मागेपुढे कॅरियर, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या. दुकानदार म्हणाला होता, थोडी मोठी वाटेल, पण सवय होईल. बाई तिच्यावर अशा भाळल्या होत्या, की 'थोडी मोठी' हे त्यांच्या कानात शिरलंच नाही.

सवय काही झाली नाही. हॅण्डल गाठायला पुढे ओणवं व्हावं लागे. तासाभरात मान आखडायची, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. सोमवारी छापखान्यात प्रुफं तपासताना हातातून पेन्सिल गळून पडे. नणंदेबरोबर नदीकाठाने समुद्रापर्यंत जायचा बेत होता, तर दुसऱ्याच दिवशी बाईंनी हात टेकले आणि दोघी सामानसुमानासकट बसने परत आल्या. नणंद वयाने धाकटी, पायांत जोर. बसमध्ये बाईंच्या पिशव्याही तिनेच चढवल्या, त्याचंच बाईंना जास्त लागलं.

मग उपाय सुरू झाले. सीट बदलली, हॅण्डल जवळ आणलं, जाड हातमोजे घेतले. यजमानांनी मानेचे व्यायाम शोधून काढले आणि शेवटी ते स्वतःच करू लागले. बाई मात्र स्वतःलाच दोष देत राहिल्या: आपलंच वय झालं, आपलेच हात आखूड. सायकल बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असायची. येणारा-जाणारा विचारायचा, यंदा कुठे? बाई विषय बदलायच्या. एके दिवशी तिच्या हॅण्डलवर इस्त्रीचे कपडे लटकलेले दिसले आणि त्यांना भडभडून आलं. हिची ही गत करायची नाही, असं म्हणून त्यांनी त्याच दिवशी विक्रीची जाहिरात दिली.

बघायला आली ती एक उंच नर्स, ड्यूटी संपवून थेट. दारातून आत येताना ती वाकली, ती सवयीनेच. तिने चाकं फिरवून पाहिली, ब्रेक दाबले आणि सरळ विचारलं, "इतकी जपलेली सायकल का विकताय?"

जागा नाही, असं उत्तर बाईंनी घोकून ठेवलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "मला होत नाही ती. मोठी पडते. फार ओढाताण केली आम्ही एकमेकींची, पण नाही जमलं."

नर्सची अडचण नेमकी उलटी होती. आजवरच्या प्रत्येक सायकलीवर तिचे गुडघे हॅण्डलला लागायचे. भाऊ तिला सर्कशीतलं अस्वल म्हणायचा. तिने सीट चार बोटं वर घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली. बाई फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. नर्सची पाठ सैल, कोपरं किंचित वाकलेली, आणि वळताना एक हात चक्क मोकळा. आपली सायकल अशीही चालते, हे बाईंनी प्रथमच पाहिलं. सायकल वाईट नव्हती आणि आपल्यातही काही खोट नव्हती. एवढी साधी गोष्ट उमगायला किती काळ घालवला, या विचाराने त्यांना हसूच आलं.

"पिशव्याही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "त्या तिच्याच आहेत."

यजमानांनी सांत्वनाची तयारी ठेवली होती, चहा टाकला होता. पण चहा पिऊन बाई भिंतीवरचा टायरचा डाग पुसायला लागल्या, तेही गुणगुणत.

रविवारी नणंद त्यांना दुसऱ्या दुकानात घेऊन गेली. या खेपेला रंग बघायचाच नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. दुकानवालीने आधी त्यांना भिंतीशी उभं करून मापं घेतली, मग कोपऱ्यातून एक राखाडी, बुटकी, दिसायला अगदीच बापुडवाणी सायकल काढली. बाईंनी नाक मुरडलं.

"वहिनी, बसून तर बघा," नणंद म्हणाली. "लग्न नाही लावायचंय."

एक चक्कर मारून येते म्हणून बाई गेल्या, त्या गेल्याच. दुकानवाली दारात येरझाऱ्या घालू लागली. तिचा जीव भांड्यात पडावा म्हणून नणंदेने आपली पर्स टेबलावर ठेवली, मग घड्याळही काढून ठेवलं. दुकान बंद करायच्या वेळेला बाई उगवल्या; घामाघूम, केस पिंजारलेले. पूल ओलांडून त्या पार टेकडीवर जाऊन आल्या होत्या, आणि वाटेत मानेची आठवणसुद्धा झाली नव्हती. दोघींचे चेहरे बघून त्या ओशाळल्या, उशीर झाला खरा म्हणाल्या, आणि टेकडीपलीकडे तो रस्ता पुढे कुठे जातो, ते दुकानवालीला विचारू लागल्या.