फाटकवाल्याच्या घरातली माणसं

डब्लिनमध्ये घर शोधताना शिरीष थत्तेच्या तीन अटी होत्या. भाडं परवडावं, इंटरनेट चांगलं असावं आणि शेजारी नसावेत. तिसरी अट ऐकून त्याच्या बायकोने, गुंजनने, कोपरापासून हात जोडले होते. पण त्याचंही अगदीच चूक नव्हतं. कोथरूडला त्याचे बाबा एकोणीस वर्षं सोसायटीचे चेअरमन होते, आणि शिरीषचं निम्मं बालपण 'आज पाणी का नाही आलं?' असं विचारायला येणाऱ्यांना दार उघडण्यात गेलं होतं.

दोन हजार वीसच्या जानेवारीत त्याला मनासारखं घर मिळालं. मनापेक्षा जरा जास्तच. क्लोनडॉकिनच्या अलीकडे, रेल्वेचे रूळ आणि कालवा यांच्या मधल्या पट्ट्यात सगळी गोदामं, वर्कशॉप आणि कंटेनरच्या उतरंडी होत्या. त्यांच्या पार टोकाला, रुळांना लागून, एक बैठं दगडी घर होतं. कधीकाळी ते रेल्वेच्या फाटकवाल्यासाठी बांधलं होतं. फाटक गेलं, फाटकवाला गेला, घर तेवढं राहिलं. एका खिडकीतून रूळ दिसायचे, दुसरीतून टायरच्या गोदामाची मागची भिंत. त्या गोदामाचा मालक नोएल हाच घरमालक.

"शेजारीपाजारी?" शिरीषने विचारलं.

"संध्याकाळी सहानंतर इथे मांजरसुद्धा नसतं," नोएल जरा ओशाळून म्हणाला. शिरीषने तिथल्या तिथे सही केली.

"दूध कुठे मिळतं इथे?" गुंजनने पहिल्याच दिवशी विचारलं.

"चालत पंचवीस मिनिटं."

"आणि टायर?"

"टायर काय, दारातच."

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. गुंजन ब्युमॉन्टला इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती, तिला रोज जावंच लागे. शिरीष घरून काम करू लागला. वर्कशॉप बंद झाली, ट्रक थांबले आणि त्या अख्ख्या वस्तीत दिवसा दोनच माणसं उरली. एक शिरीष, दुसरा फिंटन.

फिंटन म्हणजे या औद्योगिक वसाहतीच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड. साठीचा, लालबुंद गालांचा, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. एरवी दिवसाला दोनशे ट्रक तपासणाऱ्या या माणसाकडे आता तपासायला एकटा शिरीष होता, आणि फिंटन काम अंगाबाहेर टाकणाऱ्यांतला नव्हता.

"कुठे चाललास?" शिरीष फेरफटका मारून परतला की तो केबिनमधून विचारायचा.

"घरी."

"घर कुठे तुझं?"

"त्या टोकाला. रुळांजवळ."

"इथे कोणी राहत नाही."

"मी राहतो ना!"

"ग्रँड," फिंटन शांतपणे, 'ठीक आहे' अशा अर्थाने, म्हणायचा, "पण इथे कोणी राहत नाही." आणि रजिस्टरमध्ये शिरीषच्या नावापुढे 'पाहुणा' असं लिहायचा.

शिरीषने भाडेकरार नेऊन दाखवला. फिंटनने चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मसुदा छान झालाय म्हणाला, आणि 'पाहुणा' लिहिलं.

बरं, एकटा फिंटनच असं म्हणत होता असंही नाही. आयर्लंडमध्ये प्रत्येक पत्त्याला सात अक्षरांचा स्वतंत्र कोड असतो, एअरकोड म्हणतात त्याला. नोएलने या घरासाठी तो कधी मागितलाच नव्हता. त्यामुळे कुरिअरवाल्यांच्या नकाशात थत्ते कुटुंब थेट रुळांवर राहत होतं. कुकरची रिंग परत गेली. पुण्याहून आईने पाठवलेला गोडा मसाला तीन आठवडे डब्लिन हिंडत होता. शेवटी शिरीषने स्वतः अर्ज केला. इथे मनुष्यवस्ती असल्याचा पुरावा म्हणून त्याने दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो जोडले.

"माझे कुर्ते सरकारदरबारी पाठवलेस?" गुंजन कपाळाला हात लावून म्हणाली.

"दोनच. बाकी माझे बनियन आहेत."

सप्टेंबरात कोड आला. शिरीषने तो तोंडपाठ केला, पांढऱ्या रंगाने दारावर वीतभर अक्षरांत रंगवला आणि फिंटनला ऐकवायला गेटपर्यंत चालत गेला.

"छान," फिंटन म्हणाला. "टायरच्या गोदामालाही आहे कोड. म्हणून काय टायर राहतात होय इथे?"

त्या रात्री शिरीष जेवताना एकटाच पुटपुटत होता. उद्या काय उत्तर द्यायचं याची तयारी चालली होती.

"आवडतो ना तुला तो?" गुंजनने विचारलं.

"कोण, फिंटन? छे! मी टाळतो त्याला."

"म्हणून रोज बरोब्बर अकराला फिरायला जातोस? त्याच्या चहाच्या वेळेला?"

शिरीषने आमटी वाढून घेतली.

ऑक्टोबर संपत आला होता. रविवार होता, पाऊस नुकताच थांबला होता. शिरीष नेहमीप्रमाणे अकराला गेटपाशी पोचला. केबिनमध्ये रेडिओवर घोड्यांच्या शर्यतींची चर्चा चालू होती, पण फिंटन नव्हता. चला, सुटलो, म्हणून शिरीष खुशीत पुढे निघाला. दहा पावलांवर त्याचा पाय अडखळला. आजचा मुद्दा त्याने दोन दिवस घोटून तयार केला होता. तो आता सांगायचा कोणाला? तो वैतागून मागे फिरला आणि केबिनच्या काचेतून त्याने आत नीट पाहिलं. चहाचा मग भरलेला होता, वर साय धरली होती. फोन टेबलावरच होता. फिंटन चहा टाकून जाणाऱ्यांतला नव्हता.

"फिंटन!" त्याने हाक मारली. गोदामांच्या भिंतींनी ती परत पाठवली.

मग तो धावतच सुटला. एकेक गल्ली, एकेक शटर. शेवटी बंद पडलेल्या शीतगृहाच्या मागे, कंटेनरच्या दोन उतरंडींमधल्या बोळात फिंटन पडलेला दिसला. ओल्या लोखंडी पायरीवरून पाय घसरला होता. टोपी दूर उडाली होती आणि एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. ओठ निळसर दिसत होते.

"इकडे यायला परवानगी नाही," फिंटन क्षीण आवाजात म्हणाला.

"गप्प पडून राहा. किती वेळ झाला?"

"नऊच्या फेरीला... हाक मारली मी. पण एवढ्या पावसात ऐकायला कोण..."

शिरीषने आपला कोट त्याच्या अंगावर टाकला आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पत्ता विचारला. त्याने औद्योगिक वसाहतीचं नाव सांगितलं. त्यात चाळीस युनिट आहेत, नेमकं कुठलं, त्यांनी विचारलं. शीतगृहाच्या मागे, असं तो सांगू लागला आणि त्याच्या लक्षात आलं की पुढच्या गेटने आले तर कंटेनरांमुळे गाडी इथवर पोचायचीच नाही. त्याच्या घराकडच्या कच्च्या रस्त्याने आले तर मात्र दारापासून वीस पावलं.

"एअरकोड आहे का?" बाईंनी विचारलं.

शिरीषने एका दमात सातही अक्षरं सांगितली. मग न विचारता पुन्हा एकदा सांगितली.

दुसरा फोन गुंजनला. ती केसांना तेल लावून बसली होती, तशीच गोधडी घेऊन पळत आली. दोन मीटरचं अंतर वगैरे ती साफ विसरली. फिंटनला गोधडीत गुरफटून ती त्याच्या डोक्याशी बसली, पाय हलवू देईना, बोलतं ठेवत राहिली. फिंटनने तिच्या तेलकट वेणीकडे पाहिलं, मग पायांकडे. चिखलाने भरलेल्या गुलाबी सपाता होत्या.

"ही कोण?" त्याने शिरीषला विचारलं.

"माझी बायको. इथेच राहते."

फिंटनने पुन्हा त्या सपातांकडे पाहिलं. "असल्या चपला घालून पाहुणा म्हणून कोणी येत नाही," तो म्हणाला. आणि त्याचे डोळे भरून आले, ते दुखण्याने की कशाने, हे शिरीषला कळलं नाही. त्याने नुसता त्याचा हात धरून ठेवला.

चौदा मिनिटांत रुग्णवाहिका घराच्या दाराशी आली.

फिंटनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. कोविडमुळे भेटायला जाता येत नव्हतं, तेव्हा शिरीष त्याला रोज अकराला फोन करायचा. गेटवर नवा गार्ड आला होता. तो काहीच विचारत नसे, फक्त हात हलवायचा. "अगदीच बेफिकीर माणूस आहे," शिरीषने फिंटनकडे तक्रार केली. मग फिंटनने पलंगावरून हुकूम सोडायला सुरुवात केली. नऊ नंबरचं कुलूप ओढून बघ. मागच्या नळाला गळती आहे का पाहा. शिरीष दोन मीटिंगांच्या मध्ये पळत जाऊन कुलपं ओढू लागला. गॅरेजवाल्यांचे, बेकरीवाल्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये जमा झाले. बेकरीत पाणी आलंय का, म्हणून एकदा ऑफिसच्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये त्यालाच फोन आला.

"तुझ्या बाबांना कळवू का हे?" गुंजनने गोड आवाजात विचारलं.

"खबरदार!" शिरीष म्हणाला.

फिंटन मार्चमध्ये काठी टेकत घरातल्या घरात चालू लागला, पण नोकरीवर काही परतला नाही. वय झालं, बायको ऐकेना. मे महिन्यात एकमेकांच्या अंगणात भेटायची मुभा मिळाली, त्या पहिल्याच शनिवारी तो बायकोच्या गाडीतून आला. मागच्या सीटवर फावडं आणि मोड आलेल्या बटाट्यांची पिशवी होती.

"घरामागे एवढी जमीन पडली आहे," तो म्हणाला, "आणि तुम्ही नुसते कपडे वाळवता. उशीर झालाय, पण चालेल."

गुंजनने त्याला अंगणात खुर्ची दिली आणि कांदेपोहे दिले. हिरव्या मिरच्या त्याने एकेक करून बाजूला काढल्या, पोहे मात्र दोनदा मागून घेतले. मग काठीने जमिनीवर रेघ ओढून शिरीषला खणायला लावलं.

"सरळ खण. ही रांग आहे की वळणाचा रस्ता?"

"आणि इकडचा तुकडा सोड," गुंजन म्हणाली, "तिथे कोथिंबीर लावायची आहे मला."

"उन्हाची बाजू बटाट्याला हवी," फिंटन म्हणाला.

"बटाटे जमिनीखाली असतात. त्यांना ऊन कशाला?"

फिंटनने काठीने आपली रेघ आणखी ठळक केली. दोघंही वळून शिरीषकडे बघू लागले, निवाडा तू कर, अशा नजरेने. नेमकी तेव्हाच मालगाडी आली. शिरीषने ती पूर्ण जाईपर्यंत, आवाजावरून सगळे डबे मोजत, खाली मान घालून खणणं चालू ठेवलं.