वीस रापेनची बचत

सोमवारी दुपारी जेवता जेवता लादिनाने सहज विचारलं, "आरोग्य विमा सोडल्याचं पत्र रजिस्टर केलंस ना?"

योरीचा घास हातातच राहिला. "बी टपालाने टाकलं. गुरुवारी संध्याकाळी. जलद टपालापेक्षा वीस रापेन वाचले."

लादिनाने काटा खाली ठेवला. बी टपाल म्हणजे कामाचे तीन दिवस, मध्ये शनिवार-रविवार. पत्र पोचणार मंगळवारी. आणि आज नोव्हेंबरची तीस तारीख. पत्र आज कंपनीच्या हातात पडलं तरच सुटका, नाहीतर पुढचं वर्षभर तीच कंपनी आणि तिचा वाढलेला हप्ता.

सप्टेंबरात नवे हप्ते जाहीर झाले तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं, स्वस्त कंपनीत जायचं. ते नाही जमलं तर जानेवारीपासून लादिनाने शुक्रवारीही कामावर जायचं. विमा कायद्यानेच सक्तीचा. सरकारने मदत द्यावी इतका त्यांचा पगार कमी नव्हता, आणि हप्ता खुपू नये इतका जास्तही नव्हता. पण शुक्रवारची दुपार तिची आणि फ्लुरिनाची होती. शाळेतून आली की लेक तळघरात धावायची, आणि दोघी मिळून दुर्बिणीचा आरसा वाळूने घासायच्या. आता कुठे काचेला खोलगटपणा येऊ लागला होता.

"कंपनीची झ्युरिकची कचेरी पाचला बंद होते," लादिना उठलीच. "चल!"

"अगं, जेवण तरी..."

"गाडी चुकेल. कोट घाल."

नवं पत्र तिने आगगाडीतच गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. गाडी हलली की अक्षर वाकडं व्हायचं.

"डॉक्टरचं अक्षर वाटतंय," योरी म्हणाला.

"त्यांच्याच बिलांपायी लिहितेय. सही कर."

त्याने सही केली. मग हळूच, "दोघांचं जाण्या-येण्याचं भाडं..."

"भाड्याचा एक शब्द काढ, मध्येच सार्गान्स स्टेशनवर उतरवते तुला!"

समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कागद मात्र हसण्याने थरथरत होता.

झ्युरिकला दोघं धावतच सुटले. ट्राम डोळ्यांदेखत गेली, मग पुढचा सगळा रस्ताही धावत. खरं सांगायचं तर लादिनाला मजाही येत होती. लग्नानंतर दोघं असे कधी धावलेच नव्हते.

कचेरीच्या दारात रांग! प्रत्येकाच्या हातात पाकीट. आणि रांगेच्या शेपटाला ब्रुनोल्डबाई. त्यांच्याच इमारतीतल्या, रद्दीच्या गठ्ठ्याची गाठ चुकली तरी दार ठोठावणाऱ्या.

"बाई, तुम्हीसुद्धा?" योरी धापा टाकत म्हणाला. "बी टपाल?"

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "मी आयुष्यभर बीच वापरत आलेय."

"मीही," पुढून कुणीतरी म्हणालं. "मीही!" रांगभर हशा पिकला.

"गप्पा नकोत, पुढे सरका!" खिडकीमागून आवाज आला.

शिक्के पटापट पडत होते. बाईंचा नंबर आला, शिक्का पडला, आणि तेवढ्यात घड्याळाने पाच वाजवले. खिडकीमागचा तरुण कर्मचारी उठला. "माफ करा. वेळ संपली."

लादिनाचा हात पाकिटासकट तसाच पुढे राहिला. आता संपलं, तिला वाटलं.

ब्रुनोल्डबाईंनी बंद होणाऱ्या खिडकीत छत्री घातली.

"तुमच्या इमारतीत सगळ्यांची मिळून एक धुलाईखोली आहे ना?"

"आहे."

"आणि कुणाची धुण्याची वेळ संपली, पण यंत्र फिरतंय, तर?"

कर्मचारी घुटमळला. "मग... धुणं पूर्ण होऊ देतात."

"आत आलेल्यांचं धुणं यंत्रात पडलंय, साहेब."

तो खाली बसला, ओठ दाबून हसला आणि हात पुढे केला. "द्या."

शिक्का पडला तो आवाज लादिनाला टाळीसारखा वाटला. तिने योरीला घट्ट मिठी मारली, मग चुकून ब्रुनोल्डबाईंनाही.

"पुरे, पुरे," बाई पुटपुटल्या, पण बाजूला सरल्या नाहीत.

खिशात फोन वाजला. फ्लुरिनाने एकच शब्द पाठवला होता: "शुक्रवार?"

लादिनाने उत्तर टाकलं: "आपलाच. बारीक वाळू काढून ठेव."