उजव्या खिडकीचा उजेड

बोटाखाली रेघ उंच लागली. डोळ्यांना तीच रेघ खाच दिसत होती. ऑर्सोलाने बोट उचललं, पुन्हा टेकवलं — उंचच. तळहाताएवढा करडा दगड, त्यावर सहा कोनांच्या घरांची बारीक जाळी… विद्वान दोत्तोरे गार्दीनींनी तो डोंगरातून आणला होता आणि काल बाबांनी त्याचं चित्र काढलं होतं, ड्रॅगनच्या कातड्याचं, खवला न् खवला फुगलेला. तिने आज फक्त हिरवा रंग भरायचा. दुपारच्या घंटेला दोत्तोरेंचा नोकर येणार होता.

काल ऊन तापलं म्हणून बाबांनी डावी खिडकी लावली होती, ती अजून तशीच होती. चाळीस वर्षं त्यांच्या चित्रात उजेड डावीकडूनच पडत आला. काल तो उजवीकडून आला, डोळ्यांनी सवयीने डावीकडचा धरला आणि उंचवट्यांच्या खाचा झाल्या. तिने डावी खिडकी उघडली, उजवी लावली. खवले खाली बसले. जाळी वर आली.

"बाबा, हे खवले नाहीत. हात लावून बघा."

"दोत्तोरेंनी बिशपांना ड्रॅगन सांगून ठेवलाय. तू काय सांगणार, मासळीचं जाळं?" तिचे बाबा तादेओ ओतकामासाठी प्लास्टर चाळत होते. "हिरवा घाल. पाणी कमी."

"डोळ्यांनी फसवलंय तुम्हाला."

"हे जिन्यात ओरडून सांग. उद्यापासून तो फेराराचा चित्रकार येईल चित्रं काढायला, आपण भिंती रंगवू."

तिने ब्रश हिरव्यात बुडवला. पण उंच रेघ… कारखान्यातलं पोरगंसुद्धा सांगेल, ओतीवात उंच ते साच्यात खोल. म्हणजे ही जाळी आधी कुठेतरी खोल कोरलेली होती, मऊ कशात तरी… लहानपणी पाहिलेली रिमिनीच्या समुद्राची ओहोटी, आईने वर खोचलेला घागरा, चिखलावर कुणा न दिसणाऱ्या जिवाने ओढलेल्या रेघा — वाळू येऊन त्यांत बसली असती तर? बसून दगड झाली असती तर? मग माझ्या हातात समुद्राचा तळ आहे, पालथा, आणि तो डोंगरात सापडलाय.

ब्रशवरचा हिरवा वाळत चालला होता.

घंटा झाली. प्लास्टरने पांढरा झालेला बाबांचा हात तिच्या खांद्यावरून दगडावर आला, रेघेवर थांबला, एका घराभोवती सावकाश फिरला.

"इतकं सारखं," ते हळूच म्हणाले, "कोण खणेल गं?"

"ठाऊक नाही."

जिन्यात पावलं वाजली. "तादेओ, झालं का?" खालून हाक आली. बाबांनी दगडावरून हात काढला नाही. तिच्यासमोर बाबांनी काढलेलं ड्रॅगनचं चित्र होतं आणि त्याखालून कोऱ्या कागदाची कड दिसत होती. आता भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं, पण मन त्या चिखलावर पालथं पडून बघत होतं… रेघ सहाव्या कोनात वळते तेव्हा तो जीव थांबत असेल का, की न थांबताच वळत असेल?