अधांतरी हात

डॉक्टर एमेट स्कोग्लंड रागावले की आधी त्यांचे कान लाल होत, मग मान, आणि मग त्यांचे शिष्य त्यांना श्वास घ्यायला सांगत. श्वास ते घेतच होते. सत्त्याहत्तर वर्षं घेत होते. त्यामुळे राग आणखी चढे.

फोर्ट ब्रॅगच्या लाकूड गिरणीत एक्कावन्न साली माझी मान आखडली, ती त्यांनी सोडवली. ओढली नाही, मोडली नाही. तळव्यावर डोकं घेतलं आणि पाळण्यातल्या बाळासारखं हलकंच डोलवत बसले. हाताने जोर करायचा नाही, हाताने विचारायचं, 'कुठे जायचंय तुला?' एवढीच त्यांची विद्या. माझी मान म्हणाली डावीकडे, आणि गेली. तेव्हापासून मी त्यांच्या संस्थेचा मानद सभासद आहे. मानद म्हणजे सूप मिळतं, मत नाही.

ही विद्या कशी सापडली ते संस्थेच्या माहितीपत्रकात छापलंय. अडतीस साली डॉक्टरांनी एका किरकिऱ्या बाळाला शांत होताना पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाळाला डोलवत कोण होतं, ते छापलेलं नाही. जागा कमी पडली असेल.

तर चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात संस्थेची सभा भरली. विषय एकच, पलंग. संस्थेचा संचालक टोबिन फेअरली, जो पूर्वी गालिचे विकायचा, त्याने सॅन होजेहून केसिंजर नावाचे कारखानदार आणले होते. त्यांचा पलंग खोलीच्या मधोमध मांडला होता. खाली माणसाला डोलवणारी मोटर, बाजूला आठ वेगांचं बटण, आणि उशाशी पितळी पट्टीवर नाव: 'स्कोग्लंड'.

"काढ ते," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही जरा श्वास..."

"गाढवा, मी श्वास घेतोय म्हणूनच ओरडू शकतोय! हा पलंग कुणाला काय विचारतो? सांग ना! माणसाच्या पाठीला विचारतो, बाई गं, कुठे दुखतंय? आठ वेग म्हणे! माझ्या हाताला एकही नव्हता!"

"तुमचा राग मला ऐकू येतोय," टोबिन मऊ आवाजात म्हणाला.

"ऐकू येतोय? मुळात तुझ्यासाठीच आहे तो!"

हा पलंग डॉक्टरांच्या नावाने विकायचा, असा ठराव होता. संस्थेत कोणताही ठराव एकमताने व्हावा लागतो. नऊ मतदार, त्यांतल्या एकाने नाही म्हटलं की ठराव पडला. म्हणजे डॉक्टरांनी नाही म्हणायचं आणि जेवायला घरी जायचं, इतकं सोपं. पण आडवा आला चौथा नियम. 'आखडलेल्या अंगाने कुणी निर्णय घेऊ नये.' मतदानाआधी प्रत्येकाचा हात दुसऱ्याने खांद्याइतका उचलायचा आणि सोडायचा. धप्पकन मांडीवर पडला तर माणूस सैल, मत द्यावं. हवेतच राहिला तर माणूस आखडलेला. त्याने खिडकीपाशी बसून कॅमोमाइलच्या फुलांचा शांतवणारा चहा प्यायचा. नियम चौसष्ट साली डॉक्टरांनीच लिहिला होता. तेव्हा सगळे त्यांचंच ऐकत, त्यामुळे राग कसा असतो हे त्यांना नीट आठवत नसावं.

टोबिनने त्यांचा हात उचलला आणि सोडला.

हात हवेत राहिला. सरळ, ताठ, मुठीसकट.

"अरेरे," टोबिन म्हणाला. त्या अरेरेमध्ये इतका आनंद होता की माझ्या हातातला सूपचा वाडगा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. सूप डाळीचं होतं, म्हणून आवरलं.

"मी खिडकीपाशी बसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "माझं नाव आहे त्या पट्टीवर!"

तेवढ्यात केसिंजर पुढे आले. सकाळपासून ते कॉफी शोधत होते आणि कुणी देत नव्हतं. "भांडता कशाला? डॉक्टरांना पलंगावरच झोपवा. वीस मिनिटांत लोण्यासारखे होतील. मग बघा हात."

सगळ्यांनी मान डोलावली. टोबिननेही डोलावली, आणि अर्ध्यावर थांबला. त्याच्या ध्यानात आलं होतं. हात पडला तर पलंग खरा, पण डॉक्टरांना मत मिळणार. हात राहिला तर डॉक्टर बाद, पण कारखानदारासमोर पलंगही बाद. गालिचेवाल्याला असा सौदा आयुष्यात पहिल्यांदा भेटला असावा.

डॉक्टर मात्र बूट काढून आडवे झालेसुद्धा. "लाव," ते म्हणाले. "आठव्यावर लाव."

तिसऱ्यावर लावला. मोटर घुरघुरली. माझ्या मित्राचं ते म्हातारं शरीर उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. ट्रकमध्ये नीट न बांधलेलं फर्निचर असं हलतं. वीस मिनिटं तेच. ज्या खोलीत त्या माणसाने गिरणीतल्या शेकडो पाठी सोडवल्या, त्याच खोलीत त्याच्याच हाताखाली शिकलेले लोक हातांची घडी घालून बघत उभे होते. एकानेही त्याच्या डोक्याखाली तळवा दिला नाही. मी पण नाही. तो राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही, आणि मी तो सोडवूनही घेणार नाही.

मोटर थांबली. टोबिनने हात उचलला, सोडला. हात वर. केसिंजरांनी खिशातून पेन काढलं होतं, ते परत ठेवलं.

"एक म्हातारा म्हणजे काही पुरावा नव्हे," टोबिन घाईघाईने म्हणाला. "डॉक्टर मतदानातून बाद. उरलेले आठ."

आठांचे हात उचलले गेले. सात धप्प, धप्प, आणि सात जणांनी पलंगाला होकार दिला. आठवी व्हर्ना, डॉक्टरांची बायको. संस्था काढताना कागदावर दोन सह्या लागत होत्या म्हणून ती मतदार. सकाळपासून कोपऱ्यात बसून मोजा विणत होती. टोबिनने तिचा हात उचलला आणि सोडला. ओला टॉवेल दोरीवरून पडावा तसा पडला.

"सुंदर," टोबिन म्हणाला. "व्हर्ना, तुझं मत?"

"नाही."

"काय नाही?"

"पलंग नाही. ठराव पडला. ती पट्टी काढ."

"पण तू तर शांत आहेस!"

"शांत?" व्हर्नाने विणकाम पिशवीत घातलं. "अडतीस सालापासून रागावलेली आहे मी. हात कशाला वर धरून बसू? त्याला कामं असतात."

डॉक्टर पलंगावर उठून बसले. उजवा हात अजून अधांतरीच. चेहरा खुलला होता. "शाबास, व्हर्ना! बघितलंस टोबिन? जी वस्तू विचारत नाही..."

"एमेट," व्हर्ना म्हणाली, "ते बाळ मी डोलवत होते. तीन रात्री. तू दारात उभा राहून बघितलंस आणि लिहून काढलंस. पलंग विचारत नाही म्हणून सकाळपासून बोंबलतोयस. मला कधी विचारलंस?"

तेव्हा त्यांचा हात खाली आला. धप्प नाही झालं. हळूहळू आला, आणि मांडीवर कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

"बूट घाल," ती म्हणाली. "बाकीचं गाडीत बोलते."

घर त्यांचं पाच मिनिटांवर आहे. त्या दिवशी त्यांना पोचायला दोन तास लागले.